गयासचाचांचा टेन्शनवाला

आमच्या हॉस्पिटलात पायऱ्या चढून वर आलं की भिंतीवर फोटोच फोटो. जागा देणारे शेठ, पहिले डॉक्टर, दुसरे डॉक्टर, एसी देणारे कोणी, पाण्याचा कूलर देणारे कोणी. कूलर दोन वर्षांत बंद पडला, फोटो अजून चालू आहे. गयासुद्दीन शेख या माणसाचा फोटो तिथे नाही, अन् लागणारही नाही, कारण त्यांनी कधी काही दान दिलं नाही. म्हणून त्यांचं मी सांगते. मी सीमा तायडे, अमरावतीच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची इनचार्ज सिस्टर. सव्वीस वर्षं झाली. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. असू दे बाप्पा, थिएटरात गोड बोलून कैची वेळेवर हातात येत नाही.

गयासचाचा अकोल्याचे. जुन्या शहरात एका टायरवाल्याच्या बाजूला त्यांचं दुकान, म्हणजे चार पत्रे आणि एक शटर. त्यांचे वडील सायकलवर धारेचा दगड, सान, लावून गावोगाव धार लावत फिरायचे. विळे, अडकित्ते, शिंप्याच्या कैच्या. चाचा त्यांच्याच हाताखाली शिकले, पण एकदा कोण्या डॉक्टरची नाजूक कैची दुकानात आली आणि चाचांचा जीव तिच्यातच अडकला. तेव्हापासून डॉक्टरांची हत्यारं. चिमटे, कैच्या, सुई धरायचे होल्डर. अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत जिथे जिथे ऑपरेशन होतं, तिथलं मोडकं सामान चाचांकडे जातं. दर मंगळवारी सकाळच्या एसटीने ते अमरावतीला येतात, हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि थिएटरच्या मागच्या दाराशी उभे राहून पहिलं वाक्य ठरलेलं, "सिस्टर, बिमार कोन कोन हाय आज?"

मी ट्रे पुढे करायची. चाचा एकेक कैची उचलून कानाशी धरून उघडझाप करायचे. आवाजावरून सांगायचे की स्क्रू ढिला आहे की पातं वाकलं आहे. काम झालं की ओल्या कापसावर कापून दाखवायचे. ओला कापूस एका झटक्यात कापला तरच कैची पास. त्यांच्या वडिलांचा एक नेम होता, तो चाचांनी कधी मोडला नाही: दुकानातून जिन्नस बाहेर जाईल तर चमकूनच जाईल. चमकवायचे वेगळे पैसे नाहीत. मोडकी हत्यारं परत यायची ती अशी की तोंड पाहून घ्यावं. नव्या आलेल्या डॉक्टरांना वाटायचं, मुंबईहून नवीन माल मागवला. मी म्हणायची, "मुंबईचा कायचा, अकोल्याचा हाय." मला आपलंच काही केल्यासारखं वाटायचं.

आता टेन्शनवाल्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

आमच्या भागात बायांना एक दुखणं आहे, त्याचं नाव त्या नवऱ्यापुढेसुद्धा घेत नाहीत. अंग बाहेर येणं. बाळंतपण झालं की महिन्याभरात डोक्यावर भारे, शेतात वाकून काम, मग गर्भाशय हळूहळू खाली उतरतं. बाई पाच पाच, सात सात वर्षं लुगड्यात कपडा कोंबून कापूस वेचत राहते. हसू आलं तर लघवी, खोकला आला तर लघवी. बाजारात जाणं बंद, लग्नाला जाणं बंद. याचं एक ऑपरेशन आहे. ओटीपोटात खोल, हाडाजवळ एक मजबूत बंध असतो. त्यात टाका घ्यायचा आणि उतरलेलं अंग वर ओढून त्याला बांधायचं. ऐकायला सोपं आहे. पण जागा इतकी खोल की गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटाने ढकलत खाली न्यावी लागते. दोरा जास्त ओढला तर तो मांसच कापून बाहेर येतो. कमी ओढला तर चार महिन्यांत बाई पुन्हा दारात.

त्यासाठी आमच्याकडे एक हत्यार होतं. वीतभर लांब. एका टोकाला दोऱ्याची दोन्ही टोकं पकडणारी चिमटी, दांड्यात बारीक स्प्रिंग, दांड्यावर एक ते चार अशा खुणा, आणि त्या खुणांवर सरकणारा काटा. डॉक्टर दोरा ओढतात, काटा दोनवर आला की थांबतात. चिमटी तेवढा ताण धरून ठेवते आणि डॉक्टर खाली निवांत गाठ बसवतात. त्याचं इंग्रजी नाव हातभर लांब होतं. आम्ही टेन्शनवाला म्हणायचो. एका जुन्या डॉक्टरांनी परदेशातून आणून हॉस्पिटलला दिला होता. कंपनी कधीच बंद झालेली. असा आमच्याकडे एकच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी त्याची स्प्रिंग थकली. चाचा घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी आणला तो असा, की मी खिडकीशी नेऊन पाहिला. नवी स्प्रिंग स्वतः वळून टाकलेली, काटा जागेवर धरणारी कळ नवी बसवलेली, सराफाकडची वजनं लावून चारही खुणा तंतोतंत जुळवलेल्या. आणि चमक तर विचारू नका. चिमटीच्या आतपर्यंत आरसा. मी म्हटलं, "चाचा, यात पाहून तर कुंकू लावून घ्यावं." चाचा लाजले. मी रजिस्टरमध्ये सही केली, काम उत्तम म्हणून. ती सही माझीच आहे, विसरू नका.

हे ऑपरेशन आमच्याकडे एकच डॉक्टर करतात. डॉक्टर तेजल भुयार. वरूडकडच्या शेतकऱ्याची मुलगी, चौतीस-पस्तीसची. मोठं शहर सोडून इकडे आली ती याच बायांसाठी. बाया पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत ते हिला सांगतात. हात तर असा, की मी सव्वीस वर्षांत दोनच तसे पाहिले. दिवाळीनंतर तिने पाच बायांची ही ऑपरेशनं केली. उन्हाळा लागता लागता त्यातल्या दोघी परत आल्या. टाका ढिला, अंग पुन्हा खाली. दुसरी जी आली ती दर्यापूरकडची दुर्गाबाई. बावन्न वर्षांची, उंच, काळीसावळी, आवाज असा की वॉर्डातल्या मांजरी पळाव्यात.

झालं. कुजबुज सुरू. "हात हलका आहे बाईचा." "दोरा ओढायला जोर लागतो." मोठे डॉक्टर, म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे प्रमुख, वाईट माणूस नाही. पण त्यांनीही शुक्रवारची मीटिंग लावली. विषय एकच, तेजल मॅडमकडून ही ऑपरेशनं काढून घ्यायची की नाही. काढून घेतली असती तर ती इथे राहिली नसती, आणि तिच्यासाठी थांबलेल्या अकरा बाया पुन्हा कपडे कोंबून शेतात गेल्या असत्या.  ती मात्र थिएटरात येऊन रिकाम्या टेबलापाशी गाठीचा सराव करत बसायची. स्वतःच्याच हातावर तिला शंका यायला लागली होती, आणि ते मला पाहवत नव्हतं. डॉक्टरला आपल्या हातावर शंका आली की तो हात संपला.

मंगळवारी चाचा आले. मी त्यांच्यापुढेच सगळा राग काढला, दुसरं कोण होतं ऐकायला? सगळं सांगितलं. चाचांनी पेटी खाली ठेवली.

"सिस्टर, तो टेन्शनवाला आना बरं इकडे."

"त्याले काय झालं? काटा बरोबर दोनवर येते. मी सोता पाह्यते ना दर वेळी."

"आना तरी."

मी आणला. चाचांनी टाक्याचा दोरा खिडकीच्या गजाला बांधला, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि ओढलं. काटा दोनवर. पाच मिनिटं तसेच उभे. दोरा हलला नाही. चाचांनी सुस्कारा सोडला, मी चहा सांगितला. अर्धा चहा झाला आणि चाचांनी कप तोंडाजवळच थांबवला.

"सिस्टर, आत मंदी दोरा कोरडा ऱ्हायते का हो?"

"कोरडा कसा राहीन चाचा? रक्त हाय, पानी हाय."

त्यांनी चहा ठेवला. दोरा सलाईनच्या वाटीत बुडवला, पुन्हा गजाला बांधला, पुन्हा ओढला. काटा दोनवर. मी पाहत होते, आणि माझ्या डोळ्यादेखत तो ओला दोरा चिमटीतून सरकायला लागला. हळू. केसाएवढा, मग तांदळाएवढा. काटा मात्र दोनवरच बसलेला, कारण चाचांनी बसवलेली कळ काट्याला पक्की धरून होती. गजाला बांधलेला दोरा ढिला पडला तरी काटा आपला दोनच सांगतो आहे!

चाचांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, चिमटीच्या आत पाहिलं. मग नख फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"इथी बारीक बारीक रेघा होत्या," ते म्हणाले. "मले वाटलं, घासून घासून ओरखडे पडले. मी पॉलिश मारून काहाडून टाकल्या. त्या रेघाच दोऱ्याले धरत होत्या, सिस्टर. कैची ओल्या कापसावर पाह्यनारा मानूस मी, अन् दोरा मात्र कोरडा घेऊन पाह्यला."

खरं सांगते, मला आधी काय आठवलं ते. मला तेजल मॅडम नाही आठवली. मला चाचांचं चाळीस वर्षांचं नाव आठवलं, आणि रजिस्टरमधली माझी सही आठवली. मी दार लोटलं आणि म्हटलं, "चाचा, गप बसा. कोनाले माईत नाही. घेऊन जा, रेघा पाडून आना. मी सांगते मोठ्या डॉक्टरले, हत्यार जुनं झालं होतं म्हून."

चाचा माझ्याकडे पाहत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"जुनं झालं म्हनलं, तर ते विचारतीन, डॉक्टरीनबाईले दिसलं कसं नाही? घुमून फिरून दोष तिच्यावरच येईन. लेकीसारखी हाय ती. तिच्या हातात खोट नाही, खोट माह्या हातात हाय. अन् मी गप बसू?"

"तुमचं काम बंद होईन इथलं. मंग परतवाड्याचे, अकोल्याचे, सगळेच बंद करतीन."

"होईन," चाचा म्हणाले आणि पेटीला कडी लावली.

त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला नंतर त्यांच्या घरून, नईमाभाभींकडून कळलं. ताट पुढे करून भाभींनी विचारलं की झालं काय. चाचांनी सांगितलं. भाभींनी ताट उचलून आत ठेवलं. म्हणाल्या, "पहले बोल के आओ, खाना बाद में." बाई असावी तर अशी. माझ्यासारखी दार लोटणारी नको.

शुक्रवारी मीटिंगला चाचांना बोलावलंच नव्हतं. ते आले आणि दारात उभे राहिले. खांद्यावर पिशवी, पिशवीत रद्दीवाल्याकडे असतो तसला लटकवायचा काटा. आत मोठे डॉक्टर, ट्रस्टची तीन माणसं, तेजल मॅडम, आणि कोपऱ्यात मी. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय गयासभाई, बिल राहिलं का?" एक जण हसला.

"बिल नाही सर. पाच मिनिटं द्या."

त्यांनी कपाटाच्या कडीला रद्दीवाल्याचा काटा अडकवला, काट्याला ओला दोरा बांधला, टेन्शनवाल्यात धरला आणि ओढला. "हा काटा दोन म्हून राह्यला," ते म्हणाले, "अन् हा काय म्हनते ते पाहा." रद्दीवाल्याचा काटा खाली खाली येत चालला. अर्ध्यावर आला. टेन्शनवाला आपला दोनवर.  मोठे डॉक्टर उठले, चष्मा लावून जवळ आले, स्वतःच्या हाताने तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

"हे माह्या हातानं झालं, सर," चाचा म्हणाले. "दिवाळीच्या वक्ती. आतल्या रेघा मी घासून टाकल्या, मले समजलं नाही. बाई दोनवर ओढत होती, गाठ बसेपर्यंत दोरा एकवर येत होता. बाईचा हात हलका नाही. पाचांतल्या तिघी टिकल्या, त्या तिच्या हातानं टिकल्या. ह्या हत्यारानं तर एक बी टिकाले नको होती."

मी पण उभी राहिले.  म्हटलं, "तपासून घेतल्याची सही माझी आहे. कोरड्या दोऱ्यावर मीच पास केलं." कोणी विचारलं नव्हतं, पण चाचा एकटे उभे राहिलेले मला बघवेना.

तेजल मॅडमने टेबलावर डोकं टेकवलं आणि ती रडली. सगळ्यांसमोर. दोन महिन्यांचं साचलेलं होतं.

मोठे डॉक्टर खूप चिडले. दोन बायांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागणार, चिडतील नाही तर काय करतील? म्हणाले, मॅडमवर काही ठपका नाही, तो विषय संपला. मला लेखी मेमो. गयासभाईंचं काम आजपासून बंद. आणि नवीन हत्यार बाहेरून येईपर्यंत ही ऑपरेशनंही बंद. सप्लायर म्हणाला, असं हत्यार आता कोणी बनवत नाही, शोधायलाच आठ महिने. म्हणजे पाहा, मॅडमचं नाव सुटलं आणि हात बांधले गेले. अकरा बाया, वर परत आलेल्या दोघी, सगळ्या लटकल्या.

मॅडम मीटिंगमधून निघाली ती सरळ वॉर्डात गेली. दुर्गाबाईच्या खाटेवर बसली आणि तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. हत्यार काय असतं, रेघा काय, चमक काय. सांगायलाच पाहिजे होतं, शरीर तिचं आहे. दुर्गाबाई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "त्या मानसाले बोलवा इकडे."

मी चाचांना घेऊन आले. ते खाटेपासून चार हात दूर उभे राहिले, मान खाली.

"तुमीच का ते चमकवनारे?"

"हो ताई."

"माही सून दोन साल झाले घरात आली, तिनं भांडे बी कधी इतके नाही घासले. तुमाले कोनं सांगतलं होतं एवढं घासाले?" वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. "चार महिने झाले मले. मी ह्या उन्हात दोन वेळा एसटीत उभ्यानं आली. पुतन्याच्या लग्नाले नाही गेली. लोकाले काय सांगू, की अकोल्याच्या मानसाले चमक पाह्यजे होती?"

"चुकलो ताई."

"ते समजलं. पकडलं कोनं तुमाले?"

"कोनं नाही."

"मंग सांगतलं कावून?"

चाचांनी पहिल्यांदा मान वर केली. "डॉक्टरीनबाईच्या हाताले नाव ठिवून राह्यले होते लोक. हात चांगला हाय तिचा. मी इतक्या वर्सात लय हात पाह्यले, ताई. हत्यार कसं झिजून येते त्याच्यावरून हात समजते. तिच्या हातचं हत्यार कधी वाकडं होऊन आलं नाही माह्याकडे."

दुर्गाबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.  मग तिने मॅडमकडे तोंड वळवलं.

"बाई, मी आठ महिने नाही थांबत. ह्यांच्याच हातानं ते दुरुस्त करून घ्या, अन् तुमीच करा माहं. दुसऱ्या कोनाच्या हातचं मले नाही पाह्यजे. ज्याची चूक कोनं पकडली नाही अन् त्यानं सोता धरली, तो मानूस आता डोळ्यात तेल घालून करीन. कुठी लिहून देऊ ते सांगा. सही येते मले, अंगठ्याचा डब्बा आनू नका."

मोठे डॉक्टर राउंडला येऊन मागे केव्हा उभे राहिले होते, आम्हाला कळलंच नाही. ते तसेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, मीही त्या मुलीचा हात तपासायला निघालो आणि हत्यार तपासायचं सुचलं नाही मला. गयासभाईंना म्हणावं करा. पण मी स्वतः पास केल्याशिवाय थिएटरात येणार नाही."

मॅडमकडे एका कॉन्फरन्सचा जुना फोटो निघाला, टेन्शनवाल्याचा अगदी जवळून काढलेला. त्यात त्या रेघा दिसत होत्या. मोजल्या तर चिमटीच्या एकेका पात्यावर चौदा. चाचांनी फोटो मोठा करून दुकानाच्या शटरला आतून चिकटवला आणि शटर ओढून घेतलं. इतर सगळी कामं परत पाठवली. भिंग लावून, शिवणाच्या सुईहून बारीक छिन्नी स्वतः घडवून, हाताने रेघा पाडल्या. सहाव्या दिवशी एक पातं जमलं नाही म्हणून ते पूर्ण काढून नवीन केलं. नईमाभाभी सांगत होत्या, झोपेतही अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचे.

अकराव्या दिवशी आणला. कळकट, करडा, काही देखणा नव्हता. मोठे डॉक्टर, मॅडम आणि मी बसलो. ओला दोरा, रक्त लागलेला दोरा, जाड दोरा, बारीक दोरा, साबणात बुडवलेला दोरासुद्धा. दोनशे वेळा ओढला. मी प्रत्येक वेळ वहीत लिहिली. दोनशेच्या दोनशे वेळा, टेन्शनवाल्याने दोन म्हटलं तर रद्दीवाल्याच्या काट्यानेही तेवढंच म्हटलं. मोठ्या डॉक्टरांनी वहीखाली सही केली आणि पेन चाचांपुढे धरलं. चाचा म्हणाले, "मी कायले?" मोठे डॉक्टर म्हणाले, "करणाऱ्याने सही करायची असते." चाचांनी उर्दूत सही केली, आणि खाली मराठीत पण केली, आम्हाला वाचता यावी म्हणून. आजही ती वही माझ्या कपाटात आहे, आणि नवीन आलेल्या पोरींना मी पहिल्या दिवशी ती दाखवते.

दुर्गाबाईचं ऑपरेशन बुधवारी होतं, तरी चाचा आले. आत टेबलावर मॅडम, समोर मदतीला खुद्द मोठे डॉक्टर, हत्यारांच्या ट्रेपाशी मी. खोल टाका घेतला. मॅडमने हात पुढे केला, मी टेन्शनवाला दिला. ती ओढत गेली आणि मी काट्यावर नजर ठेवून मोठ्याने बोलत गेले. एक. दीड. दोन. ती थांबली. पहिली गाठ खाली गेली.  काटा दोनवर, आणि मॅडमने बोटाने दोरा चाचपला. "आहे," ती म्हणाली. "सिस्टर, धरून आहे." दुसरी गाठ, तिसरी गाठ. मास्कच्या वर तिचे डोळे मी पाहिले. दोन महिन्यांपूर्वीची तेजल भुयार परत आली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, "सुंदर हात आहे." बास, एवढंच. पण चार भिंतींआड जी कुजबुज झाली होती, ती त्या तीन शब्दांनी धुऊन निघाली.

पण आम्हा थिएटरवाल्यांना माहीत असतं, टेबलावरचं यश हे यश नसतं. पहिल्या वेळीही टेबलावर सगळं छान होतं. बाई घरी जाते, चालते, वाकते, मग खरं काय ते कळतं. तीन महिन्यांनी दुर्गाबाईला तपासणीला बोलावलं. तारीख मी चाचांना सांगितली नव्हती, त्यांनी ती कुठून काढली कोण जाणे. सकाळी आठलाच ओपीडीच्या बाकावर येऊन बसले होते. मी म्हटलं, "चाचा, चहा घ्या." नको. "डबा आनला का?" नाही म्हणून मान हलवली. हातात तसबी होती, तिचे मणीसुद्धा फिरत नव्हते.

आत मॅडमने दुर्गाबाईला तपासलं. झोपवून पाहिलं, मग उभं केलं. "आता जोरात खोका," मॅडम म्हणाली. हीच खरी परीक्षा. पोटातून जोर आला आणि टाका कच्चा असला तर अंग तिथल्या तिथे खाली येतं.

दुर्गाबाई खोकली. मी सांगितलं ना तिच्या आवाजाचं? तो खोकला बाहेर बाकापर्यंत गेला असणार.

"अजून."

पुन्हा खोकली.

"अजून एकदा, पूर्ण जोर लावून."

"बाई, आता फुप्फुसं बाहेर येतीन, ते अंग काही येत नाही," दुर्गाबाई म्हणाली.

मॅडम हसली, हातमोजे काढले, आणि कागदावर लिहिलं. जिथे होतं तिथेच आहे, तसूभर हललेलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत मॅडमची ही एकोणीस ऑपरेशनं झाली, थांबलेल्या अकराही बाया झाल्या, पहिली परत आलेली ती बाईसुद्धा झाली. एकही परत आली नाही. मी आकडा छाती काढून सांगते, कोणाला पाहायचं असेल तर वही आहे.

दुर्गाबाई पदर सारखा करत बाहेर आली. समोर बाकावर चाचा, मान खाली, डोळे मिटलेले. त्यांनी तिन्ही खोकले ऐकले होते, पण कागदावर काय लिहिलं ते त्यांना कळलं नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती. ती त्यांच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ओपीडीत पन्नास माणसं असतील.

"भाऊ," ती म्हणाली, "मी उभी हाय. आता तुमी बी उठा."

चाचा उठले.  मी आपली समोरच्या वॉर्डबॉयवर उगाच ओरडले की फरशी कोण पुसणार, तुझा मामा का?